पहिलं शहर पडतं, दुसऱ्याच्या तटाशी फौज गारद होते: सिव्हिलायझेशन ६ मधली अडलेली मोहीम कशी सोडवायची

सिव्हिलायझेशन ६ हा आळीपाळीने खेळायचा कॉम्प्युटर गेम. त्यात शहरं जिंकायची मोहीम अडते तेव्हा लक्षणं जवळजवळ नेहमी सारखीच असतात. सीमेवरचं पहिलं शहर पाच-सहा टर्नांत (खेळीच्या फेऱ्यांत) हाती येतं. दुसऱ्याच्या तटबंदीपाशी फौज पोचते, दोन टर्न मारामारी होते आणि मग पाहावं तर तीन युनिट्स लाल पट्टीवर, आर्चर तटावर बाण मारतायत पण तटाची पट्टी हलत नाही आणि कॅटापुल्ट अजून दोन टेकड्या मागे. तेवढ्यात जिंकलेलं पहिलं शहर लॉयल्टी (निष्ठा) गमावून फ्री सिटी, म्हणजे कोणाच्याच ताब्यात नसलेलं शहर, होतं. तेलही गेलं, तूपही गेलं.

यावर 'अजून चार युनिट्स बांधा' हा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. मोहीम अडते ती फौज लहान म्हणून नाही. मोहीम फक्त पहिल्या शहरापर्यंत आखलेली असते आणि पुढचं 'बघू' म्हणून सोडलेलं असतं, म्हणून ती अडते. दुसरं शहर कोणतं, तिथे कितव्या टर्नाला पोचायचं आणि तेव्हा युनिट्सची तब्येत काय असेल, हे युद्ध पुकारण्याआधी ठरलेलं पाहिजे.

खालचे सगळे आकडे गॅदरिंग स्टॉर्म विस्तारासह आणि स्टँडर्ड स्पीडवरचे आहेत.

आधी हिशेब: एका फटक्यात किती जातं

दोन्ही बाजूंची ताकद समान असेल तर एका फटक्याला सरासरी ३० एचपी (जीवशक्तीचे गुण) जातात. नशिबाचा भाग म्हणून त्यात २० टक्के कमी-जास्त होतं, म्हणजे २४ ते ३६. ताकदीतला फरक वाढला की नुकसान सरळ रेषेत वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. तुम्ही ५ ने वरचढ असाल तर साधारण ३७ मारता आणि २५ खाता. १० ने वरचढ असाल तर ४५ मारता, २० खाता. १७ ने कमी पडलात की तुमचा मारा जवळपास निम्म्यावर येतो.

हा १७ चा आकडा लक्षात ठेवा. आर्चर, क्रॉसबोमन अशा रेंज्ड युनिट्सना शहरावर मारा करताना नेमकी १७ ची वजावट बसते. शिवाय तट उभा असेल तर त्यांच्या माऱ्यातला निम्माच भाग तटाला लागतो. हातघाईच्या युनिट्सचं तर तटावर फक्त १५ टक्के नुकसान पोचतं. शहराची ताकद ३० आहे असं धरून एका फटक्याला तटाचं काय होतं ते पाहा:

- आर्चर (२५): सुमारे ६
- सोर्ड्समन (३५), एकटा: ५ ते ६
- सोर्ड्समन, बॅटरिंग रॅमसोबत (तट फोडायचा ओंडका): सुमारे ३७
- कॅटापुल्ट (३५): सुमारे ३७

एन्शंट वॉल्स १०० एचपीच्या असतात, मिडीव्हल वॉल्स धरून २०० आणि रेनेसाँ वॉल्स धरून ३००. चार आर्चर रोज बाण मारत राहिले तर एन्शंट वॉल्स पडायला चार टर्न लागतात. तीन सोर्ड्समन आणि एक रॅम असेल तर एक टर्न. आर्चरची फौज घेऊन तटापाशी जाणाऱ्यांची मोहीम का बुडते, ते एवढ्यात कळावं. आर्चर हवेतच, पण बाहेर पडणारी शत्रूची युनिट्स टिपायला. तट फोडायला नाही.

तट पडत नसेल तर आधी हे तपासा

रॅम कुठे उभा आहे? तो शहराला लागून असलेल्या टाइलवरच (नकाशावरच्या षटकोनी घरावरच) हवा. एक टाइल मागे असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. मात्र शहराला लागून एकच रॅम असला तरी त्या शहरावर चढणाऱ्या सगळ्या पात्र युनिट्सना फायदा मिळतो, त्यामुळे दोन-तीन रॅम बांधण्यात प्रॉडक्शन वाया घालवू नका. एकाची किंमत ६५ आहे. पण तो एकटा पकडला जातो, म्हणून कूच करताना त्याला एखाद्या युनिटशी फॉर्मेशनमध्ये जोडून ठेवा.

चढाई कोण करतंय? रॅम आणि सीज टॉवरचा फायदा फक्त मेली आणि अँटी-कॅव्हलरी वर्गाला मिळतो, म्हणजे वॉरियर, सोर्ड्समन, स्पिअरमन वगैरेंना. घोडदळाला मिळत नाही. हॉर्समनची टोळी आणि रॅम ही जोडी दिसायला झकास असली तरी तटावर कुचकामी आहे.

तट कोणता आहे? रॅम फक्त एन्शंट वॉल्सवर चालतो. सीज टॉवर एन्शंट आणि मिडीव्हल दोन्हींवर चालतो आणि त्याची तऱ्हा वेगळी आहे. तो तट फोडत नाही, तुमच्या पायदळाला तट टाळून थेट शहराच्या एचपीवर मारा करू देतो. रेनेसाँ वॉल्सपुढे दोघेही निकामी. तिथून पुढे भरवसा बंबार्ड आणि मग आर्टिलरी या तोफांचा. शत्रूने स्टीलचा शोध लावला की त्याच्या सगळ्या शहरांना ४०० एचपीचं संरक्षण आपोआप मिळतं, बांधावं लागत नाही.

यातली खरी गोम अशी, की मोहीम सुरू करताना जो तट असतो तोच दुसऱ्या शहरापाशी असेल याची खात्री नसते. शत्रूने कॅसल्सचा शोध लावला की मिडीव्हल वॉल्स येतात आणि तुमच्या रॅमचं लाकूड होतं. मेसनरी लागलेला पण कॅसल्स न लागलेला शत्रू, ही रॅमच्या मोहिमेची खिडकी. ती बंद व्हायला आली असेल तर रॅम विसरा आणि कन्स्ट्रक्शनचा सीज टॉवर घेऊनच निघा.

दुसरं शहर पहिल्यापेक्षा भक्कम का वाटतं

कारण ते खरंच भक्कम झालेलं असतं आणि तुम्ही अशक्त. शहराच्या ताकदीचा पाया शत्रूने बांधलेल्या सर्वांत ताकदवान हातघाईच्या युनिटवरून ठरतो: त्या युनिटच्या ताकदीतून १० वजा. वर डिस्ट्रिक्ट्सची (शहराच्या खास विभागांची) भर पडते. शत्रूकडे सोर्ड्समन असेल तर पाया २५ असतो. युद्ध रेंगाळलं, शत्रूने पहिला मॅन-अ‍ॅट-आर्म्स बांधला की पाया ३५ होतो, आणि तोही एकदम सगळ्या शहरांत.

इकडे जखमी युनिटची ताकद गमावलेल्या प्रत्येक १० एचपीमागे १ ने उतरते. म्हणजे अर्धमेला सोर्ड्समन ३५ चा नसतो, ३० चा असतो. आता ३८ ताकदीच्या शहरावर तो चढला तर २२ मारतो आणि ४१ खातो. पहिल्या शहरावर हाच सोर्ड्समन ३७ मारून २५ खात होता. ५० एचपीवर असलेला तो दुसऱ्या चढाईत मेलाच म्हणून समजा. हल्ल्याआधी खाली जी अंदाजाची पट्टी दिसते ती वाचायची सवय करा. तिथे तुमचं नुकसान शत्रूपेक्षा जास्त दिसत असेल तर ती चढाई शेवटचा घाव असल्याशिवाय करू नये.

वरच्या डिफिकल्टीवर संगणकाच्या युनिट्सना वरून भर मिळते, डीइटी या सर्वांत अवघड पातळीवर ती ४ ची असते. तुमच्याकडे ग्रेट जनरल नसेल तर ती तूट सहजासहजी भरून निघत नाही. जनरल दोन टाइलच्या आतल्या, त्याच्या युगातल्या आणि पुढच्या युगातल्या जमिनीवरच्या युनिट्सना ५ ताकद आणि १ चाल देतो. क्लासिकल जनरल मिडीव्हल युनिट्सपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. तो कोणत्या युगाचा आहे ते न बघता मागे मागे फिरवत राहणं ही फार सामान्य चूक आहे.

तब्येतीचं वेळापत्रक

शत्रूच्या मुलखात स्वस्थ बसलेलं युनिट टर्नाला ५ एचपी भरून काढतं, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर १०, स्वतःच्या मुलखात १५ आणि स्वतःच्या शहराच्या डिस्ट्रिक्टमध्ये २०. आता ४० एचपीवरचं युनिट शत्रूच्या शेतात बसवलं तर पूर्ण बरं व्हायला बारा टर्न. बारा टर्नांत शत्रू तट दुरुस्त करतो, दोन क्रॉसबोमन काढतो आणि तुम्हाला हाकलतो.

म्हणून पहिलं शहर निवडताना त्याची लूट किती हे दुय्यम. ते तुमचा पुढचा दवाखाना आहे, त्यामुळे दुसऱ्या लक्ष्यापासून ते दोन-तीन टर्नांच्या चालीवर हवं. शहर घेतलं की त्याच्या आजूबाजूच्या टाइल्स तुमच्या होतात आणि बरं होण्याचा वेग ५ वरून १५ वर जातो. सगळ्यात जखमी युनिट शहरात, बाकीची त्याच्या हद्दीत. चार टर्नांत ६० एचपी. एवढी विश्रांती वेळापत्रकात आधीपासून धरलेली असली पाहिजे.

दोन जोडउपाय आहेत. बढती मिळालेलं युनिट ती घेताना ५० एचपी भरून काढतं आणि त्याची चाल तिथेच संपते. त्यामुळे बढती मिळाली की लगेच घेऊ नका, तटाखाली लाल पट्टीवर आल्यावर घ्या. दुसरं म्हणजे लुटालूट. शत्रूचं शेत लुटलं की ५० एचपी मिळतात. पायदळाची अख्खी टर्न त्यात जाते, तरी शत्रूच्या मुलखात दहा टर्न बसण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. उतरायच्या आधीच कोणती शेतं शहराच्या माऱ्याबाहेर आहेत ते बघून ठेवा.

लोखंडाचा हिशेब, जो कोणी करत नाही

एका सोर्ड्समनला २० लोखंड लागतं. एक खाण टर्नाला २ देते. म्हणजे एका खाणीवर एक सोर्ड्समन दर दहा टर्नांनी, आणि तिघांसाठी तीस टर्न. इथे अजून एक खड्डा आहे: साठ्याची सुरुवातीची मर्यादा ५० असते. 'साठ जमू दे, मग तिघं एकदम करू' असं म्हणून बसलात तर ५० वर काटा थांबतो आणि पुढचं सगळं लोखंड वाया. ४० झालं की दोन वॉरियर लगेच अपग्रेड करा. एन्कॅम्पमेंट या लष्करी डिस्ट्रिक्टमधली प्रत्येक इमारत मर्यादा १० ने वाढवते, पण सुरुवातीच्या मोहिमेसाठी ती वाट पाहण्यात अर्थ नाही.

लोखंडच नसेल तर स्पिअरमन आणि रॅमवर पहिलं शहर घेता येतं. ते शक्यतो लोखंड असलेलं घ्या. कॅटापुल्टला कोणतीही साधनसंपत्ती लागत नाही, पण बंबार्डला नायटर लागतं.

फौज कशी उभी करायची? अगोगे ही पॉलिसी एन्शंट आणि क्लासिकल मेली, रेंज्ड आणि अँटी-कॅव्हलरीवर ५० टक्के जादा प्रॉडक्शन देते. घोडदळ आणि कॅटापुल्ट तिच्यात येत नाहीत. ४० प्रॉडक्शनचे वॉरियर तिच्यावर काढायचे, सोनं साठवायचं आणि आयर्न वर्किंग लागल्यावर अपग्रेड करायचं. मर्सिनरीज या सिव्हिकनंतर (सिव्हिक म्हणजे संस्कृतीच्या बाजूचा शोध) मिळणारी प्रोफेशनल आर्मी अपग्रेडचं सोनं निम्म्यावर आणते. पुढच्या युगातली मोहीम असेल तर अपग्रेड त्या पॉलिसीपर्यंत थोपवून धरणं परवडतं.

वेढा पूर्ण आहे का?

वेढा नसलेलं शहर टर्नाला २० एचपी भरून काढतं. शहराचे स्वतःचे २०० एचपी असतात, तेव्हा हा आकडा किरकोळ नाही. भोवतीच्या सगळ्या जाता येण्याजोग्या टाइल्स तुमच्या युनिट्सच्या किंवा त्यांच्या झोन ऑफ कंट्रोलच्या (युनिटभोवतीच्या ज्या टाइल्सवर शत्रूची चाल अडते त्यांच्या) ताब्यात आल्या की हे थांबतं. आर्चर आणि कॅटापुल्टना असा झोन नसतो. सहाच्या सहा टाइल्स भरण्याची गरज नाही, समोरासमोर ठेवलेली दोन-तीन हातघाईची युनिट्स मोकळ्या मैदानात पुरतात. नदी असेल तर मात्र झोन नदीपलीकडे लागू होत नाही, तिथे पलीकडच्या काठावर एक युनिट वेगळं ठेवावं लागतं. नदी ओलांडून चढाई केली तर ताकदीत वजावटही होते. वेढा पुरा झाला की शहराच्या नावाच्या पट्टीवर तशी खूण दिसते, ती दिसेपर्यंत पुरा झालाय असं धरू नका.

तटाचं वेगळं आहे. तट आपोआप भरत नाही. शत्रूला तो दुरुस्तीला काढावा लागतो आणि शेवटच्या हल्ल्यानंतर तीन टर्न गेल्याशिवाय ती दुरुस्ती सुरूच करता येत नाही. म्हणजे फौज माघारी घ्यावी लागली तरी एक आर्चर मागे ठेवून अधूनमधून तटावर बाण सोडत राहिलात, की तुम्ही पाडलेला तट पडलेलाच राहतो. सहा एचपीचा बाण इथे मात्र सोन्याचा.

प्रत्यक्ष चढाई, टर्नागणिक

तट असलेलं शहर दोन टाइलपर्यंत मारा करतं. एन्कॅम्पमेंट असेल तर तिथून दुसरा मारा येतो, म्हणून शक्यतो उलट्या बाजूने या.

१. सगळी फौज तीन टाइलवर थांबवा. मागे राहिलेल्यांची वाट पाहायची ती इथे, तटाखाली नाही.
२. तीन हातघाईची युनिट्स एकाच टर्नात तटाला भिडवा, एकासोबत रॅम. तीन टाइलवरून तटापर्यंत येण्यातच पायदळाची चाल संपते, त्यामुळे या टर्नात हल्ला होणार नाही. एकेक युनिट पुढे पाठवलंत तर शहर प्रत्येकाला निवांतपणे टिपतं.
३. तिघांनी एकाच टर्नात चढा. तट पडला की शहराचा मारा बंद होतो. म्हणूनच शहराचे एचपी थोडे-थोडे खरवडण्यापेक्षा आधी तट पाडणं महत्त्वाचं.
४. पुढच्या दोन-तीन टर्नांत शहर. मिलिटरी ट्रॅडिशन सिव्हिक झालेलं असेल तर लक्ष्याला भिडलेल्या प्रत्येक जादा युनिटमागे २ ताकद वाढते, म्हणून सगळ्यात तगड्याने शेवटी नाही, बाकीचे जागेवर पोचल्यावर मारावं.
५. शेवटचा घाव हातघाईच्या युनिटचाच हवा. आर्चर आणि कॅटापुल्ट शहर घेऊ शकत नाहीत.

कॅटापुल्ट घेऊन येत असाल तर हे वेळापत्रक बदलतं. त्याची किंमत १२०, चाल २, आणि चालल्या टर्नात तो मारा करत नाही. जंगल किंवा टेकडी लागली की टर्नाला एक टाइल. त्याचा पल्ला दोन टाइल, शहराचाही दोनच, त्यामुळे जागेवर पोचल्यावर एक फटका खाऊनच तो पहिला दगड टाकतो. पायदळ आधी आणि कॅटापुल्ट चार टर्नांनी, हे वरातीमागून घोडं झालं. कॅटापुल्ट आधी निघावेत, पायदळाने त्यांना गाठावं. ग्रेट जनरलची एक जादा चाल असेल तर ते चालून त्याच टर्नात मारू शकतात, त्यामुळे जनरल घोडदळासोबत नाही तर त्यांच्यासोबत ठेवा. पुढे आर्टिलरीच्या काळात जवळ ऑब्झर्व्हेशन बलून असेल तर पल्ला एक टाइलने वाढतो आणि शहराच्या माऱ्याबाहेरून तट पाडता येतो. मोहिमा त्या काळात सोप्या वाटतात त्या यामुळे.

जिंकलेलं शहर हातचं जातं

नऊ टाइलच्या आतला प्रत्येक नागरिक लॉयल्टीचा दबाव टाकतो आणि दर टाइलमागे तो १० टक्क्यांनी घटतो. आठ लोकसंख्येचं शत्रूचं शहर चार टाइलवर असेल तर त्याचा दबाव ४.८. शत्रू गोल्डन एजमध्ये असेल तर दीडपट, डार्क एजमध्ये असेल तर निम्मा. म्हणजे युद्धाची वेळ ठरवताना युग कधी बदलतंय ते पाहणं फौजेइतकंच महत्त्वाचं. शत्रू डार्क एजमध्ये शिरल्यावर निघालात तर अर्धी डोकेदुखी जाते.

गव्हर्नर नेमला तर टर्नाला ८ लॉयल्टी मिळते. बाकीच्या गव्हर्नरांना बस्तान बसवायला पाच टर्न लागतात, व्हिक्टरला तीन, म्हणून मोहिमेत फिरता गव्हर्नर तोच. लिमिटानेई पॉलिसी सैन्य असलेल्या शहराला २ देते. स्मारक असेल तर आणखी १. पण खरा उपाय शेजारचं मोठं शहर लवकर घेणं हाच आहे, कारण ते घेतलं की दबावाची दिशाच उलटते. म्हणून दोन सारख्याच सोप्या लक्ष्यांतून दुसरं निवडताना जास्त लोकसंख्येचं घ्या. लॉयल्टी लेन्समध्ये शहर किती टर्नांत फुटणार ते दिसतं. दुसरं शहर त्याआधी पडणार नसेल आणि पहिलं लहान असेल, तर घेतानाच ते जाळून टाकायचा पर्याय विचारात घ्या. तो फक्त त्या क्षणीच मिळतो, आणि राजधानी जाळता येत नाही.

आधीच अडकला असाल तर

तटापासून एक टाइल मागे सरणं ही माघार नव्हे, शहर तिथेही मारतं. तीन टाइल मागे या, एक आर्चर तटाच्या पल्ल्यात ठेवा, बाकीच्यांना जिंकलेल्या शहराच्या हद्दीत न्या. पट्ट्या ८० च्या वर गेल्या की परत. रॅम निकामी झाला असेल आणि सीज टॉवर दहा टर्नांत येणार नसेल, तर तह करा. युद्ध सुरू होऊन दहा टर्न झाल्याशिवाय तह होत नाही, आणि तह झाल्यावर पुढचे दहा टर्न त्याच शत्रूवर युद्ध पुकारता येत नाही. युद्धात जिंकलेलं शहर तहात रीतसर तुमच्या नावावर करून मागा, ते विसरू नका.

त्या दहा टर्नांतल्या पाचव्या टर्नाला शत्रूचा जाहीर निषेध करा. निषेधानंतर पाच टर्नांनी फॉर्मल वॉर पुकारता येतं आणि त्याच्या ग्रीव्हन्सेस (तुमच्याविरुद्ध जमणारे तक्रारींचे गुण) १०० असतात, अचानक युद्धाच्या १५०. दहावा टर्न संपेल तेव्हा फौज त्याच्या हद्दीबाहेर तीन टाइलवर उभी असली पाहिजे. ओपन बॉर्डर्सवर आत जाऊन बसू नका, युद्ध पुकारताच सगळी युनिट्स बाहेर फेकली जातात आणि मांडलेला डाव विस्कटतो.